आ-पुईच्या पोटातला फुगा

नेमेन गावात घरटी एक आचारी. लग्न असो, बाळाला महिना झालेला असो की देवळातल्या देवाचा वाढदिवस, इथे रस्त्यातच मांडव पडतो, लाल चादरींची गोल मेजं लागतात आणि मांडवामागे मोठमोठ्या पातेल्यांखाली जाळ पेटतो. या सगळ्या आचाऱ्यांत क्वे चिंगथाय हे नाव कुणाला विचाराल तर माणूस दोन घटका विचार करील. आ-पुई म्हटलं की लगेच घर दाखवील. आ-पुई म्हणजे जाड्या. त्याच्या टेम्पोवरही तेच नाव रंगवलेलं होतं आणि शेजारी त्याचं स्वतःचं गोल तोंड.

आमच्याकडे आचारी जाडच हवा. मुलीच्या लग्नाचं ठरवायला आलेला बाप आधी आचाऱ्याचं पोट बघतो, मग पदार्थांची यादी. आ-पुई एकशे अठरा किलोचा होता, त्यामुळे त्याला बोलावंच लागत नसे. बारा पदार्थांचं जेवण असलं की तो बाराही पदार्थ चाखायचा, आणि त्याचं चाखणं म्हणजे वाटीभर. वाढायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, पाहुणे उशिरा आले तरी चालतील, पहिली पंगत उठलेली आहे.

हे अंग त्याच्या ताईने घडवलं होतं. आई गेली तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि स्योक-खीम चौदाची. घरात तांदूळ बेताचा. पेजेतली शितं ती भावाच्या वाटीत काढायची आणि वरचं पाणी आपण प्यायची. पुढे ती छत्र्यांच्या कारखान्यात लागली आणि पहिल्या पगाराचं डुकराचं मटण आणून सगळं त्यालाच वाढलं. तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. भावाला खाऊ घालायचं मात्र सुटलं नाही. आ-पुई पन्नाशीला टेकला, शेकडो माणसांना जेवू घालू लागला, तरी दुपारी ताईकडून स्टीलचा डबा यायचाच. आणि हा गडी पंगतीचं जेवून वर तो डबाही संपवायचा.

मग ताईचे डोळे पिवळे झाले. तिच्या लहानपणी इंजेक्शनं देत गावोगाव फिरणारा एक सुईवाला सगळ्यांना एकाच सुईने टोचायचा, त्यातून शिरलेला आजार इतकी वर्षं आत दबा धरून बसला होता. पोटात पाणी झालं, पाय सुजले. मोठ्या इस्पितळात सांगितलं की तिचं लिव्हर संपलं आहे, नात्यातल्या कुणी आपल्या लिव्हरचा तुकडा दिला तरच ती जगेल. आ-पुई तिथल्या तिथे म्हणाला, माझं घ्या. ताई खुर्चीतून उठली आणि म्हणाली, "ज्याला पाठीवर बांधून वाढवलं त्याला फाडून मी जगू होय? हा विषय परत काढलास तर माझ्या दारात येऊ नकोस." तिच्यापुरता प्रश्न मिटला.

आ-पुई मात्र तिच्या नकळत जाऊन तपासून घेऊन आला. रक्त जुळलं, बाकी सगळं जुळलं, आणि घोडं अडलं ते चरबीवर. त्याच्या लिव्हरमध्ये इतकी चरबी होती की ते ताईला देऊन काही उपयोग नव्हता आणि कापलं तर त्याच्याच जिवाला धोका होता. पंचाण्णववर या, मग बघू, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो पहाटे चालायला लागला. भात सोडला. पण दिवसभर शिजत्या पातेल्यांमध्ये उभं राहणाऱ्या माणसाने उपास करायचा म्हणजे थट्टाच. दोन महिन्यांत तो तीन किलो उतरला आणि एका बारशाच्या जेवणात चार किलो चढला. त्या दिवशी टेम्पोत बसून तो लहान मुलासारखा रडला, असं त्याची बायको बीलुआन सांगते.

फुग्याचं सुचवलं डॉक्टर शाओ नावाच्या बाईंनी. कापाकापी नाही. गुंगी द्यायची, तोंडातून नळीने रिकामा फुगा पोटात सोडायचा आणि तिथे त्यात पाणी भरायचं. अर्धं पोट फुग्यानेच भरलं की माणूस दोन घासांत थांबतो. सहा महिन्यांनी फुगा तसाच तोंडातून काढून घ्यायचा. पाण्यात निळा रंग घातलेला असतो, फुगा गळायला लागला तर लघवीचा रंग बदलतो. तसं झालं तर धावत यायचं.

नवराबायकोने ठरवलं की ताईला कानोकान खबर लागू द्यायची नाही. आधी लिव्हर द्यायच्या लायकीचं करायचं, भांडण नंतर. शरद पौर्णिमा झाली आणि फुगा बसला. पहिले चार दिवस आ-पुईच्या पोटात पाणीसुद्धा ठरलं नाही. उलट्या करून करून तो बीलुआनला म्हणाला, एखादं जिवंत बदक गिळल्यासारखं वाटतंय. पाचव्या दिवशी पेज ठरली. मग मात्र फुग्याने आपलं काम चोख केलं. वाटीभर सूप घेतलं की तो ढेकर देऊन बाजूला. रोज सकाळी न्हाणीघरातून तो "पिवळी!" असं ओरडून सांगायचा आणि बीलुआन आतून "बरं" म्हणायची. शेजाऱ्यांना वाटलं, यांनी पाळलेल्या मांजरीचं नाव असावं.

पदार्थ तो आता जिभेवर ठेवून थुंकून टाकायचा. चवीत फरक पडला नाही, पण पंधरा किलो उतरल्यावर गावाची झोप उडाली. गालांची कातडी लोंबायला लागली, पाटलोणीला दोरी बांधावी लागली आणि टेम्पोवरचं तोंड कुणा दुसऱ्याचं वाटायला लागलं. देवळाच्या समितीचे प्रमुख मुद्दाम चौकशीला आले, चहा घेतला, त्याच्या गळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले की यंदाच्या उत्सवाचं अजून ठरायचं आहे. आठवड्याभरात ते काम दुसऱ्याला गेलं. आजारी माणसाच्या हातचं लग्नात नको, म्हणून दोन लग्नंही गेली. मासळीबाजारात एकजण म्हणाला, "स्वतःचंच रांधलेलं पचत नाही वाटतं आ-पुईला." गावाच्या जिभेला हाड नसतं. खरं कारण एका वाक्यात सांगून त्याला सगळ्यांची तोंडं बंद करता आली असती, पण ते वाक्य संध्याकाळपर्यंत ताईच्या दारात पोचलं असतं. तो ऐकून घेत राहिला.

सगळ्यात अवघड होता ताईचा डबा. तो रोज यायचा. आ-पुई तो वाढणाऱ्या बायकांना वाटून टाकायचा आणि भांडं धुऊन परत पाठवायचा. त्याने ताईला पित्ताचं कारण सांगितलं होतं. एक दिवस त्यातलीच एक बाई तिला रस्त्यात भेटली आणि तिच्या हातच्या मटणाची तोंड भरून तारीफ करून गेली. ताईने डबा पाठवणं बंद केलं. आ-पुई भेटायला गेला तर ती भिंतीकडे बघून म्हणाली, "माझ्या हाताला चव राहिली नसेल. पिवळ्या हातांचं कोण खाणार?" घरी येऊन त्याने बीलुआनला सांगितलं की मला हे झेपत नाही, आणि बीलुआन म्हणाली की आता फक्त सहा किलो राहिलेत, तोंड मिटून बस.

अशात वर्षातला सगळ्यात लहान दिवस आला. त्या दिवशी आमच्याकडे चिकट तांदळाच्या लाल-पांढऱ्या गोळ्या गोड पाण्यात उकळून खातात. गोळ्या खाल्ल्या की माणूस एक वर्षाने मोठा झाला. न खाणारा त्याच वयात अडकतो, असं मुलांना चिडवतात. ताईला फार वेळ उभं राहवत नव्हतं, तरी तिने खुर्चीवर बसून पिठाच्या गोळ्या वळल्या होत्या. दुपारी निरोप आला, एकट्याने ये.

डॉक्टर शाओंनी फुगा बसवताना दोनदा बजावलं होतं की काहीही खा, पण चिकट तांदूळ नको, तो फुग्याला लपेटून बसतो. आ-पुईला ते पाठ होतं. पण समोर वाडगा होता, वाडग्यामागे ताईचं पिवळं तोंड होतं, आणि ती म्हणाली, "एवढं खा, बाळा. पुढच्या वर्षी वळायला मी असेन की नसेन." त्याने एक गोळी खाल्ली. ताईच्या तोंडावर कित्येक दिवसांनी हसू आलं. मग त्याने वाडगा संपवला. ताईने न विचारता दुसरा भरला, तोही त्याने संपवला. माझ्या मते शहाण्या माणसाने इतका मूर्खपणा क्वचितच केला असेल, आणि त्याच्या जागी आमच्यातल्या प्रत्येकाने तेच केलं असतं.

तासाभरात पोटात पीळ पडला. तो अंगणात जाऊन ओणवा झाला, पण वर काही येईना, नुसता फेस. रंग पांढरा पडला. ताईने बीलुआनला फोन केला. ती टेम्पो घेऊन आली तेव्हा मागे पातेली तशीच खडखडत होती. बीलुआन नको नको म्हणत असताना ताई पुढे चढून बसली आणि सगळी वाट भावाचं डोकं मांडीवर धरून राहिली.

इस्पितळात त्याला आत नेलं. डॉक्टर शाओ बाहेर येऊन बीलुआनला म्हणाल्या की फुग्याभोवती सगळा लगदा जमला आहे, दुर्बीण घालून धुऊन काढतो, पण फुगा फाटला तर काढावाच लागेल. चिकट तांदूळ दिला कुणी?

बीलुआन ताईसमोर कधी मान वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी तिचा बांध फुटला. "ह्या वन्संनी दिला. वन्सं, तुम्हीच दिलात. तीन महिने माणूस उपाशी आहे, हातची कामं गेली, गाव काय वाट्टेल ते बोलतंय, ते कुणासाठी? पोटात फुगा घालून घेतलाय त्याने. तुम्हाला लिव्हर द्यायचंय त्याला. आणि तुम्ही त्याला खायला घालून मारताय."

ताई बाकावर बसली. बीलुआनला बोलल्याचा पश्चात्ताप झाला, तिने जाऊन गरम पाणी आणलं, पण ताईने पेल्याला हात लावला नाही.

फुगा वाचला. आ-पुई शुद्धीवर आला तेव्हा ताई खाटेशी उभी होती. ती म्हणाली, "कुणाला विचारून केलंस हे?"

"तुला विचारलं असतं तर नाही म्हणाली असतीस."

"अजूनही नाहीच म्हणते."

आ-पुईचा घसा नळीने सोलवटला होता. तो हळूच म्हणाला, "ताई, तू पेजेतली शितं मला द्यायचीस, तेव्हा मला विचारायचीस का?"

ताईला वाटत होतं, हे त्याला कधी कळलंच नसेल. दोन वर्षांच्या पोराला काय कळणार. तिने बाहीने डोळे पुसले, मग परत पुसले. वळून तिने डॉक्टर शाओंना विचारलं की कापलेलं लिव्हर परत वाढतं का. वाढतं, त्याचंही आणि तुमचंही, असं त्या म्हणाल्या. यातून तो मरू शकतो का, हेही तिने विचारलं. डॉक्टर खोटं बोलल्या नाहीत. क्वचित मरतो म्हणाल्या, आणि चरबी जितकी कमी तितका धोका कमी. नर्स सलाइनची बाटली बदलून गेली तरी ती खाटेचा कठडा धरून तशीच उभी होती.

"अजून किती उतरायचंय?" तिने विचारलं.

"सहा किलो."

ताई बीलुआनकडे वळली. "उद्यापासून ह्याचा डबा माझ्याकडून येईल. काय द्यायचं आणि किती ते ह्या डॉक्टरबाई मला सांगतील, त्याच्यावर एक शीत नाही मिळणार. तू मऊ आहेस, तुझ्याकडून हा मागून खाईल." आणि भावाच्या लोंबत्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "हे सगळं मी चढवलंय. मीच उतरवीन."