लाखाच्या कार्डाची धार

आठवड्यातले सहा दिवस सोमाण्णाला कुत्रं विचारत नसे. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखान्यात तो लेथवर उभा असायचा. तिथं मायक्रोमीटर लावल्याबिगर मापाचा शब्द काढायचा नाही, आणि काढला तरी सुपरवायझर म्हणेल तेच खरं. घरी बायको रत्नव्वा म्हणेल ती भाजी. पण रविवार उजाडला की हाच शिरोळकडचा सोमशेखर, वय सत्तेचाळीस, मंगळवार पेठेत गौसच्या दुकानात खुर्ची टाकून बसायचा आणि गगनबावड्यापासनं पोरं त्याचा शब्द ऐकायला यायची. त्या एका खुर्चीसाठी तो बाकीचा आठवडा ढकलायचा.

गौसचं दुकान गेमिंगच्या कॉम्प्युटरचं. पुढं विक्री, मागं तासावर खेळायची आठ मशिनं. असल्या मशिनात सगळा जीव ग्राफिक्स कार्डात. पडद्यावरची चित्रं तेच पळवतं. सेकंदाला जितकी चित्रं तितक्या फ्रेम, आणि जितक्या फ्रेम तितका खेळ लोण्यागत. चांगल्या कार्डाला लाखाला हात घालावा लागतो, म्हणून कुठलं घ्यावं ह्यावर पोरं एकमेकांच्या उरावर बसायची.

सोमाण्णाचा हिशेब त्याच्या बापाकडनं आलेला. बाप ईरप्पा म्हशींचा दलाल. म्हशीची किंमत लिटराला किती पडली तेवढंच तो बघायचा. शिंगं, रंग, गळ्यातली घंटा गेली खड्ड्यात. सोमाण्णानं लिटराच्या जागी फ्रेम घातली.

"पंच्याऐंशी हजाराचं कार्ड शंभर फ्रेम देतंय. एक फ्रेम साडेआठशेला. एक लाख वीस हजाराचं देतंय एकशेपंधरा. म्हंजी फ्रेम हजाराच्या वर गेली की! वरच्या पंधरा फ्रेमला पस्तीस हजार. का, सोन्याच्या हायत व्हय त्या?"

पोरं माना डोलवायची न् पंच्याऐंशीचं घेऊन जायची. गौसला हे आतनं डाचायचं, कारण महागाच्या कार्डात त्याला चार पैसे जास्त सुटायचे. पण सोमाण्णामुळं गर्दी होती, म्हणून तो चहा पाजायचा न् गप बसायचा.

गंगावेशीत म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत दूध काढतात, तसा सोमाण्णाचा नेम: समोर धार काढा, मग बोला. दोन मशिनं शेजारी लावायची, दोन्हीवर तोच खेळ, त्याच रस्त्यावर तीच गाडी. इथंवर सगळं सरळ होतं. पण चार लोक ऐकायला लागले की माणूस फुगतो. सोमाण्णा पडद्याच्या कोपऱ्यातल्या फ्रेमच्या आकड्यावर कागदाची पट्टी चिकटवायला लागला. "आकडा झाका. माझा डोळा सांगतोय." मिशीला पीळ देत आकडा सांगायचा, मग पट्टी काढायची, आणि आकडा दोन-चारनं इकडंतिकडं बरोबर निघायचा. पोरं शिट्ट्या मारायची. कुठल्या मशिनात कुठलं कार्ड आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. नवल म्हणजे त्याच्या स्वतःच्याही आलं नाही.

क्रांती त्याच पेठेतली. लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायचं काम करायची आणि खेळात भल्याभल्यांना लोळवायची. लग्नाचे दोन सीझन राबून तिनं दुसऱ्या दुकानातनं ते एक लाख वीस हजाराचं कार्ड घेतलं आणि हौसेनं खोका घेऊन रविवारी गौसच्या दुकानात आली. पंधरा-वीस पोरं होती.

सोमाण्णानं खोका हातातसुद्धा धरला नाही. "बाई, शिंगं बघून म्हैस घेतलीस तू."

"चांगलं पळतंय की अण्णा. फरक दिसतोय मला."

"काय दिसतोय? तुझ्या डोळ्याला पंधरा फ्रेम कळत्यात व्हय? पस्तीस हजार तू खोक्याच्या रंगाला दिलंस. त्यापरास एक खरीच म्हैस बांधायचीस, घरचं दूध तरी झालं असतं."

दुकान हसून हसून आडवं झालं. त्या दिवसापासनं तिचं नाव पडलं शिंगवाली. खेळात उतरली की पलीकडनं आवाज यायचा, "शिंगवाली आली, पेंड आणा रं!" कामाच्या ठिकाणीसुद्धा कुणीतरी तिला म्हशीचं चित्र पाठवलं. सोमाण्णाला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "खरं बोललं की झोंबतंयच." हिशेबाचं तो खरंच बोलला होता; पण त्यावर मारलेला म्हशीचा टोमणा मागं घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही.

दोन महिन्यांनी ती रविवारी सकाळीच दुकानात हजर. "अण्णा, तुमच्या डोळ्याची धार बघायला आलो." कोल्हापूरची पोरगी, आलो-गेलोच म्हणणार. "गौसभाईंनी दोन मशिनं लावल्यात. दोन्हीवर पोतं घातलंय, आत काय हाय दिसणार न्हाय. आकड्यावर पट्टी हाय. कुठलं लाखाचं न् कुठलं पंच्याऐंशीचं, तेवढं सांगा. तुम्ही बरोबर वळखलं तर माझं कार्ड हितंच फोडतो."

"आणि मी चुकलो तर?"

"तुम्ही कशाला चुकताय अण्णा?"

पोरांनी मोबाईल वर काढले. सोमाण्णानं गौसकडं बघितलं. गौस काच पुसत होता, मघापासनं एकच काच.

दोन्ही पडद्यांवर गाडी सुटली. पाऊस, ओला रस्ता, दिव्यांची तिरीप. सोमाण्णानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. चष्मा पुसला. जवळ गेला, लांब आला. पाच मिनिटं झाली. त्याला काडीचा फरक दिसत नव्हता.

"अण्णा, सारखंच वाटत असंल तर सांगा की," क्रांती म्हणाली. "त्यात लाज कसली?"

खरं सांगून बाहेर पडायची वाट तिनं सताड उघडून दिली होती. वीस मोबाईल रोखलेले असताना हा गडी त्या वाटेनं जायचा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

"डोळं फुटल्यात का माझं?" सोमाण्णा उसळला. "उजवीकडचं लाखाचं. बघा की! पाण्याचा थेंब कसा सुटा पडतोय. डावं वळणावर धापा टाकतंय. आंधळ्याला कळंल!"

"आकडा किती?"

"डावं अठ्ठ्याण्णव. उजवं एकशेसोळा."

"पक्कं?"

"ईरप्पाचा पोरगा हाय मी. एकदा बोललो की बोललो."

क्रांतीनं डावी पट्टी काढली. एकशेपंधरा. उजवी काढली. एकशेपंधरा. मग पोती ओढली. दोन्हीकडं एकच कार्ड. एक तिचं, एक गौसच्या कपाटातलं.

मग पहिला बोलला कॉलेजातला आदर्श, जो सोमाण्णाच्या सांगण्यावरनंच कार्ड घेऊन गेला होता. "अण्णा, डाव्या म्हशीला पाणी दावा की, धापा टाकतीया!"

हसण्यानं दुकानाच्या काचा हादरल्या. सोमाण्णा म्हणाला, पडद्यात फरक असेल. पडदे एकाच कंपनीचे निघाले. म्हणाला, लाईट कमी-जास्त झाली असेल. कुणीतरी म्हशीगत हंबरलं.

क्रांती हसली नाही. खुर्चीजवळ येऊन म्हणाली, "अण्णा, एक सांगू? तुमचा हिशेब बरोबरच हुता. माझं पस्तीस हजार फुकट गेलं. पंधरा फ्रेम मलाबी कळत न्हाईत." मग शांतपणे पुढं, "पर आता ते तुमच्या तोंडनं कोण ऐकणार न्हाय."

दुपारपर्यंत व्हिडिओ उद्यमनगरात पोचला. सोमवारी लेथवर पोरांनी एकाच मापाचे दोन बोल्ट फडक्याखाली ठेवले. "अण्णा, कुठला भारी सांगा बघू." सोमाण्णानं सवयीनं मायक्रोमीटर उचलला. "आरं, डोळ्यानं, डोळ्यानं!" सुपरवायझर पोट धरून हसला. घरी रत्नव्वा एवढंच म्हणाली, "त्या पोरीला तसं बोलायचं काय कारण हुतं?"

पुढच्या रविवारी तो परत आला. दुसरीकडं जाणार कुठं? त्याच्या खुर्चीत क्रांती बसली होती. उठली नाही. तो दाराशी उभा राहिला. तेवढ्यात शिरोळचा एक पावणा आला, हातात पैशांची पिशवी, लेकीला मशीन करून द्यायचं होतं. "कुठलं कार्ड घ्यावं हो?"

गौसनं लाखाचा खोका पुढं सरकवला.

"पावणं, पंच्याऐंशीचं घ्या," सोमाण्णा दारातनं म्हणाला. "वरच्या पंधरा फ्रेमला पस्तीस हजार जात्यात. दोन्ही समोर लावून बघा, आकडा उघडा ठेवून बघा."

पावण्यानं वळून त्याच्याकडं निरखून बघितलं आणि त्याच्या तोंडावर हसू फुटलं. "आयला, हे त्या व्हिडिओतलंच न्हवं? धापा टाकणारं?"

मागची पोरं खिदळली. पावण्यानं क्रांतीला विचारलं, "बाई, तुमच्याकडं कुठलं हाय?"

"लाखाचं," ती म्हणाली.

"फरक पडतोय?"

क्रांतीनं सोमाण्णाकडं बघितलं. तो तिच्याच तोंडाकडं बघत होता.

"लोण्यागत पळतंय," ती म्हणाली.

पावण्यानं पिशवीची गाठ सोडली.

"अण्णा, दारातनं जरा बाजूला व्हा," गौस म्हणाला. "गिऱ्हाइकाला वाट लागतीया."