न घासायच्या कडा

लालबागच्या गाळ्यात दत्तारामकाका लेथवर उभे राहिले की मी गप्प बसते. वय अडुसष्ट. गिरणीच्या वर्कशॉपात शिकले, संपानंतर हा गाळा. चाळीस वर्षांत त्यांचा एकही नग परत आलेला नाही. हे ते स्वतः सांगत नाहीत, शेजारचे सांगतात.

मी क्षितिजा, ठाकूरद्वारची, इंजिनीअर. फ्यूजन रिॲक्टरमधल्या प्लाझ्माची, म्हणजे कोट्यवधी अंश तापलेल्या वायूची, घनता मोजायचं यंत्र डिझाइन करते. त्या प्लाझ्मात काही बुडवून बघायची सोय नाही, जळून खाक होईल. म्हणून दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या रेडिओलहरी आरपार सोडायच्या आणि पलीकडे त्या किती बदलल्या ते पाहायचं. लहरी सोडणारा ॲल्युमिनियमचा कर्णा काकांनी केला. आतून साठ बारीक खाचा.

तपासणीत तो नापास झाला. लहरी भलतीकडेच जात होत्या. भिंगातून बघितलं आणि कपाळावर हात मारला. काकांनी प्रत्येक खाचेची कड पॉलिश पेपरने घासून गोल केली होती. का, तर गिऱ्हाइकाचा हात कापू नये! चांगला टर्नर हे न सांगता करतो. आणि कडा धारदार ठेवा, हे मी मूर्खाने ड्रॉइंगवर लिहिलंच नव्हतं. तीन वर्षांच्या कामावर पाणी. महिनाअखेरीला रिॲक्टर सीलबंद होणार होता, मग आत काही बसवता येणार नव्हतं. चिडायचंही त्राण उरलं नव्हतं.

कर्णा घेऊन गाळ्यावर गेले. "काका, चूक माझी आहे."

त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि मशीन बंद केलं.

"मॅडम, म्हातारा झालो म्हणून सांभाळून घेऊ नका. घरीपण सगळे असंच करतात. हात चुकला माझा. आता पुरे झालं, गाळा विकतो. तुम्ही दुसरं कोणी बघा."

दुसरं कोण करणार? आणि मिळालं असतं तरी, हा माणूस स्वतःला नालायक समजून घरी बसणार, तेही माझ्यामुळे! जीव तुटला नुसता. समजावून समजावून थकले.

शेवटी ड्रॉइंग पसरलं, चष्मा त्यांच्या हातात दिला. "दाखवा, कुठे लिहिलंय?"

त्यांनी बोट फिरवत ओळन्‌ओळ वाचली. दोनदा. मग मी त्यांच्यासमोर पेनाने लिहिलं, 'कडा घासू नयेत.' खाली सही, तारीख.

काका लालबुंद झाले. "मगे ह्या आधी लिवक काय झाला गो तुका? आठ दिवस घासत बसलंय मी!"

नऊ वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा ते मालवणीवर आणि एकेरीवर आले. मला चांगलं झाप झाप झापलं. इतकं बरं वाटलं की तिथेच रडू फुटलं.

"रडतंस कित्याक?" काका मशीनपाशी जाऊन हात पुढे करत ओरडले. "तो ॲल्युमिनियमचो रॉड दी हय."