आवक-जावकच्या बाईंची परात

आमच्या ऑफिसातल्या आवक-जावकच्या बाईंना दोन भांडणाऱ्या देशांच्या मधे एक ओटा, एक सिंक आणि एक फ्रिज देऊन बसवलं असतं, तर महिन्याभरात दोन्हीकडची माणसं एकमेकांचे कप विसळताना दिसली असती. उगाच नाही म्हणत. उद्यमनगरातल्या आमच्या ऑफिसात माणसं चौदा, आणि स्वयंपाकघर म्हणजे गॅलरीला काचा लावून केलेली बोळकांडी. आत दोघं असली की तिसऱ्यानं पोट आत घेऊन शिरायचं. तिथलं एकही भांडण कधी संध्याकाळपर्यंत टिकलं नाही, ते केवळ बाईंमुळं. तसं त्यांचं काम टपालाची नोंद ठेवायचं. पण गडमुडशिंगीहून स्कूटीवर आल्या की हेल्मेट काढायच्या आधी त्या सिंक बघायच्या.

सिंकमध्ये खरकटा कप दिसला, की तो उंच धरून अख्ख्या ऑफिसातून त्याची वरात निघायची. "ह्यो कुणाचा हाय? बोला की! कपाला लाज वाटाय लागली, मालकाला न्हाय!" एकदा नव्यानं आलेले साहेब म्हणाले, "बाई, मावशी येतात की घासायला." बाई शांतपणे म्हणाल्या, "मावशी फरशी पुसाय येत्यात साहेब, तुमची लाळ पुसाय न्हाय." तेव्हापासून साहेब कप नुसता धूत नाहीत, पुसून पालथा घालतात. फ्रिजमध्ये तीन दिवस पडून राहिलेल्या डब्याला बाई 'पावणं' म्हणायच्या आणि आठवडा झाला की 'घरजावई'. याच साहेबांचा वाटीभर कोशिंबिरीचा घरजावई त्यांनी भर मीटिंगमध्ये, बाहेरची माणसं बसलेली असताना, ट्रेमधून नेऊन समोर ठेवला. "साहेब, तुमचं पावणं. पाठवणी तुमीच करा."

पण बाई नुसत्या तोंडाळ होत्या असं कुणी समजू नये. आमच्यातल्या एकानं मायक्रोवेव्हमध्ये सुकट गरम केली, तेव्हा निम्मं ऑफिस नाकाला रुमाल लावून त्यांच्याकडं तक्रार घेऊन गेलं. दुसरं कुणी असतं तर बंदी घातली असती. बाईंनी नियम केला : सुकट आणणाऱ्यानं आधी वर्दी द्यायची, खिडकी उघडायची, आणि पहिला घास ज्यानं सगळ्यात जास्त नाक मुरडलं त्याला द्यायचा. महिन्याभरात नाक मुरडायला रांग लागली.

डबे सगळे सकाळी आल्या आल्या बाईंच्या हवाली करायचे, त्या फळीवर लावून ठेवणार. आणि मग एका सोमवारी त्या घरून भलीमोठी परात घेऊन आल्या. "आजपासनं डबं मी उघडणार. समद्यांच्या भाकरी-चपात्या परातीत, भाज्या मधी. कुठली कुणाची, इचारायचं न्हाय." सगळ्यांनी कुरकुर केली, पण सगळ्यात मोठ्यानं मी केली. स्वच्छता, पथ्यपाणी, व्यक्तिस्वातंत्र्य, जे जे आठवलं त्यावर मी भाषण ठोकलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "झालं बोलून? बस आता जेवाय."

माझं पित्त का खवळलं होतं, ते कुणाला सांगायची सोय नव्हती. आई जाऊन तेव्हा महिना झाला होता. घरात ती आणि मी, दोघंच होतो. 'आता डबा कोण करतं रे?' एवढं जरी कुणी विचारलं असतं तरी मी तिथंच रडलो असतो. म्हणून मी रोज आईनं दिलेला डबा धुऊन, झाकण घट्ट लावून, रिकामाच आणायचो, आणि दुपारी 'ॲसिडिटी आहे' म्हणून टेबलाशी बसून राहायचो. आता तो अख्ख्या ऑफिससमोर उघडणार होता!

बाई आमच्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. झाकणांचा असा खणखणाट केला की साहेबही केबिनमधून बाहेर आले. परात भरून आली; माझा डबा इतर डब्यांबरोबर सिंकमध्ये पडला होता. "ॲसिडिटीला ज्वारीची भाकरी लई चांगली," असं म्हणत बाईंनी दीड भाकरी माझ्यासमोर टाकली. गडबडीत त्यांच्या लक्षात आलं नाही, असं समजून मी स्वतःच्या नशिबावर खूश झालो. असा शहाणा मी! तब्बल सहा महिने खूश होतो. मग हळूहळू चपात्या शिकलो. पहिल्या दिवशी त्या तालुक्याच्या नकाशासारख्या झाल्या होत्या, पण परातीतली सगळ्यात करपलेली बाईंनी स्वतः उचलली आणि नियमाप्रमाणं काही विचारलं नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. शाल-नारळ झाल्यावर मला त्यांनी आत बोलावलं आणि परात माझ्या हातात दिली. "फळीवर लावताना डबा उचलला की कळतंय. हलका लागला तर तोंड भिंतीकडं करायचं, आनी झाकणं जोरात वाजवायची. सा म्हैनं तुझा डबा लई हलका हुता रं बाळा." मी परात उगाच पुसायला घेतली. "आनी भाषान बी लई लांबडं हुतं," त्या म्हणाल्या आणि हेल्मेट घालून निघून गेल्या.

बाईंची आठवण येत नाही असा एक दिवस जात नाही. सिंक आता मी बघतो, पण माझ्या आवाजाला कप भीत नाहीत. परवा नेसरीहून आलेली नवी इंजिनिअर मुलगी डबा देताना माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी आज टेबलाशीच बसते सर, भूक नाही." मी डबा उचलला. कागदासारखा हलका. दुपारी भिंतीकडं तोंड केलं आणि झाकणं वाजवली, इतकी जोरात की मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, बाई आल्या काय रं परत?"

मी परातीतली दीड भाकरी उचलली आणि तिच्या टेबलाकडं निघालो.