आठव्या डावानंतरची चुप्पी

लोर्ना प्रुइट. वय अडुसष्ट. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त. राहणार ओहायोतल्या एका पोलाद कारखान्याच्या गावी. गावच्या बेसबॉल संघाची आजन्म पाठीराखी. धर्म ख्रिस्ती, पंथ मेथडिस्ट. अंधश्रद्धा नाही.

त्या रविवारी दुपारी संघाच्या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, समोरच्या एकालाही हिट, म्हणजे बेस गाठून देणारा फटका, मारू दिली नव्हती. नऊपैकी आठ डाव संपले होते. अशा वेळी ती गोष्ट कुणी बोलून दाखवायची नसते; बोललं की मोडतं, हे गावातली पोरंसोरंही जाणतात. रेडिओवरचा समालोचकसुद्धा ते टाळून हवामानावर बोलत होता.

लोर्नाचा नवरा डेलमार बैठकीत आणलेल्या दवाखान्याच्या खाटेवर होता. आपल्या संघाचा असा एक सामना व्हावा, म्हणून तो जन्मभर थांबला होता. आता त्याला रेडिओ ऐकू येत नव्हता.

"काय चाललंय गं?" ग्लानीतून जागा होत त्याने विचारलं.

ती त्याच्या कानाशी वाकली. "आपण पुढे आहोत. दोन रनांनी."

"मग तोंड असं का?"

"माझं तोंडच असं आहे."

"लग्नापासून तेच सांगतोय मी." तो हसला. "अजून काही?"

सांगावंसं तिला फार वाटलं.

"काही नाही. पड गुपचूप."

त्याने डोळे मिटले. नवव्या डावातही कुणाला हिट मिळाली नाही. गल्लीत मोटारींचे भोंगे वाजू लागले. मग लोर्नाने त्याच्या कानाशी वाकून सगळं मोठ्याने सांगितलं, दोनदा.

डेलमार तोवर गेला होता.