साठ हजार नोंदींचे ढीगसाहेब

रक्तदाब मोजायची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात संख्याशास्त्राचे एक साहेब होते. लोक पाठीमागे त्यांना ढीगसाहेब म्हणत, आणि उगाच म्हणत नव्हते. "नमुन्याचा ढीग मोठा करा, चूक आपोआप विरते," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. सिद्धांत खोटा नाही. नमुना वाढत गेला की सरासरी खऱ्या किमतीकडे सरकते. पण त्याला अट असते: नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात, आणि ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांच्यातल्याच हव्यात. ही अट साहेबांनी परीक्षेपुरती पाठ केली होती.

नवं यंत्र तपासायची वेळ आली, तेव्हा बाहेरची माणसं गोळा करायचा साहेबांना कंटाळा आला. त्यांनी आपल्याच हाताखालची सात पोरंपोरी बसवली. सगळी तरणीताठी, काटकुळ्या दंडांची. त्यांना पट्टे आवळून महिनाभर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोजणी चालली. साठ हजार नोंदी झाल्या! एकाच विहिरीचं पाणी पुन्हा पुन्हा चाखायचं आणि अख्ख्या मुलुखाचं पाणी गोड म्हणून दवंडी पिटायची, असला हा कारभार. हिशेबात चूक केसाएवढी निघाली आणि साहेबांना आभाळ ठेंगणं झालं.

पहिलं यंत्र त्यांनी कौतुकाने ताईला नेऊन दिलं. ताई थोरली. आईमागे तिनेच त्यांना वाढवलं, स्वतःचं शिक्षण सोडून शिकवलं. आता सत्तरी उलटलेली, दंड जाड, रक्तदाब जुना. काही दिवसांनी ती म्हणाली, "अरे, डोकं गरगरतंय. यंत्र मात्र सगळं ठीक दाखवतंय. डॉक्टरकडे जाऊन येऊ का?"

"ताई, तुझं एक डोकं आणि माझ्या साठ हजार नोंदी. कुणाचं ऐकायचं, सांग!"

ताईने भावाचं ऐकलं. आकडे चांगले येतात म्हणून गोळ्याही निम्म्यावर आणल्या, आणि या दीडशहाण्याने त्यालाही मान डोलावली.

मग एका सकाळी ताई न्हाणीघराच्या दारात कोसळली. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तिच्या दंडावर आधी आपलं यंत्र लावलं, मग घरून आणलेलं साहेबांचं.

"वयाने शिरा ताठरलेल्या दंडावर हे फार कमी दाखवतंय. तपासलं होतं कितीजणांवर?"

"साठ हजार नोंदी आहेत," साहेब म्हणाले.

"नोंदी नाही विचारल्या. माणसं किती?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "सात."

डॉक्टरबाईंनी दारातून बाहेर जाताना ते यंत्र उचलून नेलं.

ताईने सगळं ऐकलं होतं. भावाचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. जड जिभेने, शब्द जोडत जोडत ती म्हणाली, "तुझं... बरोबरच असेल रे. माझाच दंड... मेला जाड."

आणि जन्मभर बोलून जग गप्प करणाऱ्या त्या माणसाच्या तोंडून "नाही ताई, चूक माझी" एवढंसुद्धा निघालं नाही. त्याने मान डोलावली.