ज्येष्ठतेनुसार सिमकार्डं

माझ्या हुशारीबद्दल आमच्या घरात आता कोणाला शंका उरलेली नाही. म्हणजे ती मुळीच नाही, याची सगळ्यांना खात्री पटली आहे. कशी पटली, ते सांगतो. चहा घेता घेता ऐका, फक्त घोट तोंडात असताना हसू नका.

मी सरकारी कचेरीतला निवृत्त कारकून. कारकुनाने निर्णय घ्यायचा नसतो, निर्णय घेणाऱ्यापुढे कागद सरकवायचे असतात. त्यामुळे निवृत्तीनंतर अमरावतीच्या आमच्या घरात निर्णय घ्यायची पहिली संधी आली, तेव्हा मी हरखूनच गेलो. माणसं चार, फोन चार, कंपन्याही चार. सगळ्यांना एका कंपनीत, एका प्लॅनमध्ये आणायचं!

चार माणसं म्हणजे माझी आई, मी, बायको मंदा आणि मुलगी अश्विनी. आईचा बटनांचा फोन. तिला बाळापूरच्या बहिणीशी बोलायला रेंज हवी. मंदाला स्वयंपाकघरात हवी. अश्विनी घरूनच नोकरी करते, तिला इंटरनेट हवं. तिच्या जुन्या कंपनीची रेंज फक्त न्हाणीघरात यायची. एक अख्खी मीटिंग तिने तिथे उभं राहून केली. मागचा टॉवेल तिच्या साहेबांना पडदा वाटला आणि ते रंग छान आहे म्हणाले.

आणि मला? मला काहीच नको होतं. पण रेंजची सगळ्यात जास्त गरज माझ्याच फोनला होती. कारण अकोल्याहून फोन यायचा होता.

त्याचं असं, की नुकतीच अकोल्याची मंडळी अश्विनीला पाहून गेली होती. मुलगा इंजिनियर. वडील पुंडलिकराव, त्यांचं अकोल्यात कृषी केंद्र. माणूस मोकळा. आईच्या हातची शेवभाजी दोनदा मागून घेतली. अश्विनी आणि तो मुलगा गच्चीवर बोलायला म्हणून गेले, ते चहा निवला तरी खाली येईनात. जाताना पुंडलिकराव म्हणाले, "आमचे गुरुजी गावाले गेले हायेत. आले का पत्रिका दाखोतो अन् तुमाले फोन करतो."

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. फोन मुलाकडच्यांनी करायचा. मुलीच्या बापाने आधी केला, की पोरगी जड झाली आहे असा अर्थ निघतो. म्हणजे वाट पाहणं आलं.

मंदा म्हणाली, "अकोल्याचा फोन येईन अन् तुमच्या फोनले रेंजच नसन, तर?"

झालं. मी कामाला लागलो. चारही कंपन्यांचे फोन घेऊन घरभर फिरलो. विहिरीची जागा दाखवणारा पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरतो ना, अगदी तसा. देवघर, माडी, तुळशीजवळ, संडासाच्या मागे. शेजाऱ्यांना विचारलं, तर जो तो आपल्या कंपनीला शिव्या देई आणि शेवटी म्हणे, "पन घ्या तुमी हेच." आपण पडलेल्या खड्ड्यात दुसऱ्यालाही बोलवावं, हा केवढा शेजारधर्म!

अखेर एका कंपनीचा कौल मिळाला आणि मी दुकान गाठलं. मला आयुष्यात कुतूहल फार. दुकानदाराला विचारलं, "अनलिमिटेड म्हणजे किती?"

"मोजाचंच नाई काका."

"मग हे खाली बारीक अक्षरांत काय आहे?"

"थे रोजची लिमिट हाय."

"म्हणजे अनलिमिटेडला लिमिट आहे."

"हाव. पन थे संपल्यावर बी चालते. फक्त हळू चालते."

"हळू म्हणजे किती हळू?"

त्याने माझ्याकडे खालीवर पाहिलं. "तुमी सरकारी कचेरीत होते ना? तितकं."

मी विषय बदलला. महिना अठ्ठावीस दिवसांचा कसा, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "कंपनीचा महिना हाय काका, आपला नाई." कंपनीला बारा महिने फेब्रुवारीच असतो, ही माहिती मला कोणत्याच शाळेत मिळाली नव्हती. याच चर्चेच्या भरात त्याने चार सिमकार्डांची पाकिटं माझ्या हातात दिली आणि काहीतरी बोलला. "सिरियलनं लावून देल्ले हायेत, वरून खाली," एवढंच माझ्या कानात शिरलं. सगळी सिमकार्डं माझ्याच नावावर होती. नंबर जुनेच राहणार होते, कंपनी तेवढी बदलणार होती.

वरून खाली! अहो, ज्या माणसाचं आयुष्य कचेरीत गेलं, त्याला वरून खाली म्हणजे काय हे सांगावं लागतं का? ज्येष्ठतेनुसार! नवी कंपनी चालू व्हायच्या दिवशी मी सर्वांना ओळीने बसवलं. पहिलं सिम आईच्या फोनमध्ये, दुसरं माझ्या, तिसरं मंदाच्या, चौथं अश्विनीच्या.

अश्विनी म्हणाली, "बाबा, एकदा कॉल लावून पाहा ना."

"कशाला? सिरियल आहे!"

आणि काय सांगता! माझा फोन वाजायला लागला. एरवी माझा फोन म्हणजे खिशातलं घड्याळ. आता सकाळी बाळापूरची मावशी, दुपारी मूर्तिजापूरचा मामेभाऊ, संध्याकाळी आईच्या भजनी मंडळातल्या बाया! सगळ्यांचं बोलणं मात्र एकाच धाटणीचं.

"कोन, सुधाकर का? माय कुठं हाय? दे बरं तिले."

मला केवढं भरून आलं! लोक आता घरातला कर्ता पुरुष म्हणून आधी मला फोन करतात, मग माझ्या परवानगीने आईशी बोलतात. मी मंदाला म्हणालो, "पाहिलं? रेंज चांगली असली की माणसं जोडली जातात. वर्षानुवर्षं हे लोक मला फोन करत असतील, लागतच नसेल!"

मंदा म्हणाली, "थे असू द्या. म्या भाजीबाजारातून तुमाले फोन लावला, तं सासूबाईनं कावून उचलला?"

"मी आंघोळीला गेलो असेन," मी म्हणालो. बुद्धिमान माणसाला प्रत्येक गोष्टीचं कारण लगेच सुचतं. हाच त्याचा घात.

आता आईबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. हल्ली फोनवरून म्हाताऱ्या माणसांना फसवतात ना, म्हणून मी तिला रीतसर प्रशिक्षण दिलं होतं. रोज दुपारी, जेवणानंतर. "आई, चोर ओळखीचं बोलते. घरातलं सगळं सांगते. पोराबाळांची नावं घेते. जन्मतारीख विचारली का समज, चोरच. आजकाल तर आवाज बी काढतात, अगदी माह्यासारखा. बिलकुल ऐकाचं नाही, झाडून काढाचं!"

आणि एके दिवशी मी वाचनालयातून घरी आलो, तर आई ओट्यावर विजयी मुद्रेने बसलेली.

"सुध्या, आज म्या चोट्टा धरला!"

"काय सांगतेस?"

"मानूस मोठा गोड बोले. म्हने, मावशी, गुरुजी बसले हायेत, पोरीची जन्मतारीख अन् जन्मवेळ सांगता का, लिहेल कागद सापडून नाई राहिला. म्हटलं, आली स्वारी वळणावर!"

"मग?"

"मंग म्हने, मी अकोल्याचा. म्हटलं, कोनी दिल्लीचा बनते, कोनी मुंबईचा बनते, तू अकोल्याचा बन! तं म्हने, मावशी, मी तुमच्या घरी शेवभाजी खाल्ली ना! म्हटलं, हे बी माइत हाय तुले? माह्या घरात कॅमेरा लावला का रे भामट्या? तुह्या मायनं हेच शिकोलं का तुले? असा झाडला, असा झाडला, का फोनच ठेवून देल्ला त्यानं!"

इथे कोणाही शहाण्या माणसाच्या डोक्यात काहीतरी चमकलं असतं. अकोला, गुरुजी, शेवभाजी! माझ्याही डोक्यात चमकलं. मला वाटलं, चोरांची मजल पाहा, कुठवर गेली आहे! पुंडलिकराव करतील तर माझ्या नंबरवर फोन करतील. हा तर आईच्या फोनवर आला होता. म्हणजे चोरच!

मी आईला पेढा दिला. गल्लीत सगळ्यांना तिचा पराक्रम सांगितला. समोरच्या कट्ट्यावर तर फसवणुकीपासून सावधगिरी या विषयावर मी छोटंसं भाषणच केलं. आणि आईला पुढचा धडा दिला, "पुन्हा आला तर पोलिसात देतो म्हणून सांगजो."

तो पुन्हा आला. आईने सांगितलं. पेढा दुसरा.

इकडे अकोल्याहून माझ्या फोनवर अक्षर नाही. मंदाचं जेवणावरचं लक्ष उडालं. अश्विनी गच्चीवर एकटीच जाऊन बसायची. एकदा मला म्हणाली, "बाबा, त्यांना मी आवडले नसेन तर तसं सांगायला काय हरकत आहे? मुलगाही मेसेजला उत्तर देत नाही." मी फोन उघडून रेंज पाहिली. पूर्ण होती. रेंज पूर्ण असून फोन येत नाही, याला कोणत्या कंपनीकडे तक्रार करायची?

मग मी ठरवलं, फोन करायचा नाही ना? नाही करत. पण सहज अकोल्याला गेलो, सहज कृषी केंद्र दिसलं, सहज आत शिरलो, यात कमीपणा कसला? बस पकडली आणि गेलो.

दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी. पुंडलिकरावांनी मला पाहिलं आणि चेहरा बंद केला.

"काय पाह्यजे?"

मी गांगरलो. "तुरीचं बियाणं."

"किती एकरासाठी?"

मला एकरच काय, कुंडीसुद्धा नाही. मी म्हणालो, "पुंडलिकराव, आमचं काही चुकलं का?"

तेव्हा त्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं. "चुकलं? अवो, पोरगी देयाची नसन तं नाई म्हना! तुमच्या मातोश्रीनं मले चोट्टा म्हटलं, माह्या मायचा उद्धार केला, अन् दुसऱ्या खेपेले पोलिसात देतो म्हने. बायको म्हनते, अशा घरची पोरगी आनता का? म्याच पोट्ट्याले सांगतलं, आता तिकडं मेसेजबी करू नोको."

"अशक्य! तुम्ही नंबर चुकीचा लावला असेल. माझा फोन हा माझ्या खिशात, नव्या कंपनीचा, रेंज पूर्ण. लावा आत्ता!"

मी फोन काउंटरवर ठेवला, विजयी मुद्रेने. मुद्रा घराण्यातलीच आहे. पुंडलिकरावांनी नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. घंटी जात होती. माझा फोन थंडगार. गिऱ्हाइकं बियाणं सोडून आमच्याकडे पाहू लागली.

आणि स्पीकरमधून आईचा आवाज आला, "आला का रे पुन्हा, चोट्ट्या?"

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. वरून खाली! दुकानदाराने मान म्हणून माझं सिम सगळ्यात वर ठेवलं होतं. माझ्या फोनमध्ये आईचा नंबर आणि आईच्या फोनमध्ये माझा! मी झेप घेऊन फोन हातात घेतला.

"आई, मी सुधाकर!"

"वा रे वा! आता माह्या पोराचा आवाज काढून राहिला!"

"आई, खरंच मी हाय! अकोल्याहून बोलतो!"

"तू बी अकोल्याचाच का? टोळी हाय तं!"

गिऱ्हाइकं हसायला लागली. मी घामाघूम. इतकं पक्कं प्रशिक्षण कचेरीतसुद्धा कधी कोणाचं झालं नव्हतं.

शेवटी आईच म्हणाली, "सुध्याच असशीन तं सांग, रात्री संडासात जाताना माहं पोरगं मायले संगं कावून नेत होतं?"

"आई, ते इथे..."

"सांग! नाई तं ठेवतो."

एका बाजूला माझी पोरगी गच्चीवर एकटी, दुसऱ्या बाजूला माझी इभ्रत. मी डोळे मिटले आणि भर दुकानात सांगितलं, "पालीले भेत होतो."

"कितवीपर्यंत?"

"मॅट्रिकपर्यंत!"

"हाव, माहाच हाय," आई म्हणाली. "मंग सांग, काय म्हनतो?"

पुंडलिकराव पोत्यावर बसून हसत होते. डोळे पुसून त्यांनी फोन माझ्या हातून घेतला. "मावशी, अवो थो चोट्टा मीच. पत्रिका राहू द्या. ज्या घरातली बुढी अशी जागती हाय, तिची नात मले पाह्यजे. आता सांगा, साखरपुड्याले शेवभाजी करान का?"

पलीकडून आई म्हणाली, "जन्मतारीख नाई सांगनार."

लग्न ठरलं. घरी आल्यावर मंदाने माझ्यासमोर हात पुढे केला. मी मुकाट्याने दोन्ही सिमकार्डं तिच्या हातावर ठेवली आणि तिने ती जागच्या जागी बसवली. सगळे दिवस माझा नंबर आईजवळ होता, म्हणून मी सहज चौकशी केली, मला कोणाकोणाचे फोन आले होते?

आई आठवू लागली. बराच वेळ आठवलं. मग मायेने माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "थो चोट्टा अन् एकदा मंदा. बाकी कोनीच नाई रे, बाप्पा."

पुंडलिकराव आता सगळी बोलणी आईच्या नंबरवर करतात. बाळापूरची मावशीही तिथेच करते. माझा फोन पुन्हा माझ्या खिशात शांत आहे. प्लॅन अनलिमिटेड आहे आणि रेंज, खोटं कशाला बोलू, अगदी पूर्ण आहे.