धडधाकट खांदा

माझ्या धडधाकट खांद्याला साहेबांनी स्वतःच्या हातानं पट्टा बांधला. निळा, रबरी. दुखापत झालेल्या खेळाडूला बांधतात तसला. परक्या देशातलं हॉटेल, मी पलंगाच्या कडेला बनियनवर बसलेलो. पट्टा ओढून घट्ट करत ते म्हणाले, "हां. आता दुखापतवाला दिसतोस."

शेजारच्या पलंगावर त्यांचा मुलगा राजवीर मोबाईल बघत होता. त्यानं मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी शर्यत होती. कयाकची, एकट्याची, हजार मीटर. लांब अरुंद होडी, हातात दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं. आशियातल्या देशांची स्पर्धा. निवड चाचणीत मी पहिला आलो होतो, राजवीर दुसरा. मी खेळणार, तो राखीव. साहेब संघाचे व्यवस्थापक. एकदा दिलेलं नाव बदलायला एकच कारण चालायचं, दुखापत. त्या कागदावर खेळाडूची सही लागते आणि तिथल्या डॉक्टरची. तेही शर्यतीच्या आदल्या संध्याकाळपर्यंत.

कागद टेबलावर होता. सगळा इंग्रजी.

"सही कर," साहेब म्हणाले. "चार वाजता डॉक्टरकडं जाऊ."

"साहेब, मी पहिला आलोय."

"आलास ना? विमानात बसलास, परदेश बघितलास. मेंढरामागं फिरणाऱ्याला एवढं लई झालं. राजवीरचं करिअर आहे."

आवाज चढवला नाही त्यांनी. त्यांना कधी चढवावाच लागत नाही.

पाचोडच्या अलीकडं साहेबांचं रान आहे. पीक निघालं की माझा बा त्या रानात मेंढरं बसवतो. लेंड्यांचं खत त्यांना, चारापाणी आम्हाला. आज्याच्या काळापासून असंच. साहेब शहरातून गाडीनं आले की बा डोक्याचा पटका काढून हातात धरतो. मीही लहानपणी त्याच्या शेजारी उभा राहायचो. का उभं राहायचं, हे कधी विचारलं नाही.

धरणाच्या फुगवट्यावर मेंढरं पाण्याला नेताना मी पहिल्यांदा ह्या होड्या बघितल्या. पुढं शहरात पडेगावला खोली केली, गोदामात माल उतरवायला लागलो. सुट्टीच्या दिवशी पहिली एसटी धरून सरावाला. चार वर्षं. स्पर्धेला निघायच्या आधी चौकात फलक लागला, त्यावर राजवीर वल्हं घेऊन माणसाएवढा. मी खाली कोपऱ्यात. फोटो आधार कार्डावरचा.



पासपोर्ट साहेबांकडं होता. विमानातून उतरल्या उतरल्या "हरवशील" म्हणून काढून घेतलेला. दार उघडं होतं, पण जाणार कुठं? भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही.

मी सही करीना म्हटल्यावर साहेबांनी घरी फोन लावला आणि माझ्या हातात दिला. बाला आधीच सांगून ठेवलेलं होतं.

"साहेब म्हणत्यात तसं कर, बाबा."

"बा, मला काय झालेलं नाय."

"मला म्हाईत हाय. पण मेंढरं कुठं घालू मी? तू सांग."



मी सही केली. हे लपवायचं नाही मला.

चारला अजून दोन तास होते. साहेब खाली जेवायला गेले. राजवीर म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको. मुलाखत झाली तर मी तुझं नाव घेईन."

तो मनापासून बोलत होता. त्याचंच जास्त लागलं.

मी मोरीत गेलो. पाण्याचा ग्लास उचलला आणि खांद्यातून कळ आली. खरी कळ. परत उचलला. परत आली. सकाळी ह्याच हातानं मी होडी डोक्यावर घेऊन चाललो होतो. आरशात बघितलं. तिथं एक दुखापतवाला उभा होता.

तेव्हा मी घाबरलो. साहेबांना भीत होतोच, बाच्या मेंढरांसाठी भीत होतो. पण ही भीती दुसरी होती. ह्यांनी सांगितलं आणि माझं अंग ऐकायला लागलं. बाच्या हातातला पटका मला त्या दिवशी कळला. त्याला कुणी काढ म्हणत नसेल. हातच वर जात असेल.

डॉक्टर बाई होत्या, पिकल्या केसांच्या. साहेब इंग्रजीत भराभर सांगायला लागले. बाईंनी हातानं त्यांना थांबवलं आणि माझ्याकडं बघून विचारलं, "पेन?"

दुखतंय का म्हणून. एवढं इंग्रजी मला येतं.  डोळ्यापुढं रस्त्यावर आलेली मेंढरं दिसत होती, त्यांच्यामागं बा.

"नो," मी म्हणालो. "नो पेन."

पट्टा सोडला. तो चर्रकन निघाला. हात सरळ वर केला. कळ होती अजून, थोडी.

साहेब हसत हसत मराठीत म्हणाले, "खाली कर हात."

मी केला नाही.

"खाली कर म्हणतो ना."

बाईंनी कागदावर आडवी रेघ मारली.

सकाळी शर्यत झाली. नऊ होड्या होत्या, मी आठवा आलो. तेही लपवायचं नाही. अर्ध्यापर्यंत चौथा होतो, मग हात जड झाले. काठावर आमच्यातलं कुणी नव्हतं. होडी मीच बाहेर काढली, मीच पुसली.

परत आल्यावर कयाकच्या संघटनेचं पत्र आलं. बेशिस्तीबद्दल बंदी, लेखी माफी देईपर्यंत. त्याच आठवड्यात बाला रानातून उठवलं. आता तो खुलताबादच्या डोंगराकडं कळप घेऊन फिरतो. आज इथं, उद्या तिथं. माझ्याशी नीट बोलत नाही. एकदाच म्हणाला, "लई मोठा झालास." मी खाली बघितलं. माझ्या 'नो'ची किंमत त्याच्या पायांनी चुकती होतेय, हे मला कळतं. त्याची माफी मी मागितली, एकदा नाही, दहादा मागीन.

साहेबांची नाही.

गोदामातले म्हणतात, दोन ओळी लिहून टाक, काय जातं. राजवीरनं तर माफीचा मजकूर तयार करून मोबाईलवर पाठवला. मी तो पूर्ण वाचला आणि पुसून टाकला.

पुढची निवड चाचणी आमच्याच फुगवट्यावर आहे. यादीत माझं नाव नसणार. होडी उसनी आणीन. सगळ्यांच्या देखत सुरुवातीच्या रेषेवर जाऊन उभा राहीन. पंच विचारतील, कुणाच्या परवानगीनं आलास? साहेब काठावर खुर्ची टाकून बसलेले असतील. त्यांनाही ऐकू जाईल असं सांगीन.

परवानगी मागायला आलेलो नाय. घड्याळ लावा.